मदत हवी आहे: पिकलबॉलच्या एकाच गटात नवखेही आणि मुरलेलेही, सराव कसा घ्यावा?

नमस्कार मंडळी. आमच्या पिकलबॉल (टेनिससारखाच, पण छोट्या कोर्टवर पॅडलने खेळायचा खेळ) गटाचा सराव मी घेतो. कोर्ट दोन, खेळाडू सोळा. काहींनी महिन्याभरापूर्वी पहिल्यांदा पॅडल हातात धरलं, काही वर्षानुवर्षं टेनिस खेळून आलेत.

नवख्यांची मला फारशी चिंता नाही. कमरेखालची सर्व्हिस आणि दोन टप्प्यांचा नियम (सर्व्हिस आणि तिचा परतीचा फटका, दोन्ही एकेक टप्पा पडल्यावरच मारायचे) अंगवळणी पडला की ११ गुणांचा गेम त्यांना जमतो.

खरी अडचण टेनिसवाल्यांची आहे. ते प्रत्येक चेंडू जोरात हाणतात. सर्व्हिस करणारी जोडी मागे अडकलेली असते आणि समोरचे दोघे किचनच्या (नेटलगतचा ७ फुटांचा पट्टा, जिथे उभं राहून चेंडू हवेतच मारता येत नाही) रेषेवर येऊन उभे असतात. अशा वेळी तिसरा फटका, म्हणजे सर्व्हिस आणि परतीच्या फटक्यानंतरचा, अलगद किचनमध्ये उतरवला, तरच पुढे सरकायला वेळ मिळतो. हे तोंडी सांगून पटत नाही. म्हणून मी नेटच्या दोन्ही बाजूंच्या ७ फुटांतच डिंकचे, म्हणजे अलगद किचनमध्ये टाकायच्या फटक्यांचे, छोटे गेम लावले. त्यात साठीतल्या एका काकूंनी आमच्या सर्वांत जोरकस खेळाडूला हरवलं! काकूंचा चेहरा पाहण्यासारखा होता.

पण पूर्ण कोर्टवर गेलं की पुन्हा तेच. नवखे घाबरून मागे राहतात, आणि दोघीजणी तर यायच्याच थांबल्या. त्याचं फार वाईट वाटतं.

पातळीप्रमाणे कोर्ट वेगळे करावेत, की जोड्या मिसळाव्यात? मिसळल्यास जाणत्यांना कंटाळा येऊ नये म्हणून काय करता? आणि तिसऱ्या फटक्यासाठी तुमचा हमखास सराव कोणता? अनुभव असेल तर सविस्तर लिहा.