पद्मिनीचे हेडलाइट समईसारखे: कनेक्टर बदलू की अख्खं वायरिंग?

पाचपाखाडीकरीण

मंडळी, बाबांची 1992 ची प्रीमियर पद्मिनी आहे. ते आता चालवत नाहीत, पण रोज सकाळी खाली जाऊन तिच्यावरून फडकं फिरवल्याशिवाय चहा घेत नाहीत. रविवारी मी काढते.

गेल्या रविवारी घोडबंदर रोडने परत येताना अंधार पडला. हेडलाइट लावले तर उजेड देवघरातल्या समईएवढा. मानपाड्याजवळ खड्ड्यात चाक गेलं की डावा दिवा मिटायचा, पुढच्या खड्ड्यात आपोआप लागायचा. गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनने बोनेट उघडलं आणि दोन मिनिटांत निकाल दिला: "मॅडम, पूर्ण वायरिंग नवीन टाका, अठरा हजार."

पटलं नाही. डाव्या दिव्याचा कपलर, म्हणजे बल्बला वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा सॉकेट, उपसला. प्लॅस्टिक एका कोपऱ्यात चॉकलेटी झालंय, पितळी पिना कळकून हिरव्या. त्या आणि जवळचे दोन बुलेट कनेक्टर (वायरींचे गोळीसारखे गोल जोड) चिंच-मीठ लावून घासले, देवाची उपकरणी घासतो तसे. दोन दिवस झकास, तिसऱ्या दिवशी पाऊस आला आणि पुन्हा समई. मुलाचा मल्टिमीटर घेऊन कपलरवर मोजलं तर 12.3 व्होल्ट येतात. म्हणजे वायर ठीक ना? मग उजेड जातो कुठे?

तुर्भे_ऑटोवायरमन

ताई, 12.3 आले कारण तुम्ही कपलर काढून मोजलंत. नळ बंद असताना पाइप कितीही चोंदलेला असो, प्रेशर पूर्णच दिसतं. कपलर लावा, इंजिन बंद, दिवे चालू, आणि कपलरच्या मागून, वायर आत शिरते तिथून मीटरचा प्रोब (टोकदार काडी) सरकवा. बॅटरीवर किती आणि दिव्यावर किती ते बघा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर मधला एखादा जोड व्होल्टेज खातोय.

मग एक प्रोब बॅटरीच्या मायनसला, दुसरा दिव्याच्या अर्थच्या (बॉडीतून बॅटरीच्या मायनसकडे परतणाऱ्या वायरच्या) पिनेला, दिवा चालूच. इथे शून्याच्या जवळपास यायला हवं. आमच्याकडे गिऱ्हाईक प्लसची वायर तीनदा बदलून येतं, अर्थकडे कोणी ढुंकून बघत नाही.

तुमचं प्लॅस्टिक चॉकलेटी का झालं? 55 वॅटचा बल्ब साडेचार अँपियर ओढतो. जोडावर 2 व्होल्ट पडले की जवळपास 9 वॅट उष्णता तिथेच, त्या एवढ्याशा पिनेवर. आणि व्होल्टेज दहा टक्के घसरलं तर उजेड दहा नाही, तीस टक्क्यांच्या आसपास घसरतो.

चिंच भांड्यांना ठीक, कारण भांडं आपण खळखळून धुतो. इथे आंबट नि मीठ तारेच्या पदरांतून इन्सुलेशनखाली शिरतं. ते बाहेर निघत नाही, आतून तांबं खात बसतं.

पिना बदलाच. आधी बॅटरीचा मायनस काढा. वायर कापत मागे जा, तांबं लालसर लागेपर्यंत. काळ्या पडलेल्या तारेवर कितीही भारी थिंबल (वायरच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) दाबली तरी उपयोग नाही. वायर अपुरी पडली तर ऑटो वायरचाच तुकडा जोडा, घरच्या फिटिंगमधली उरलेली नको. थिंबल क्रिंपिंग प्लायरने (ती वायरवर घट्ट दाबायच्या खास पकडीने) दाबा, पक्कडीने नाही, आणि दाबल्यावर जोरात ओढून बघा. निघायची असेल तर हातात निघू दे, घोडबंदरला नको. वरून हिट श्रिंक (गरम केल्यावर आकसून बसणारी नळी). जुनी पिन सोबत नेऊन मापाला मापच घ्या.

नेरुळची_फियाट

काकांचं सगळं मान्य, फक्त मी क्रिंपवर (दाबलेल्या जोडावर) डागही देतो, म्हणजे सोल्डरिंग करतो. तीस वर्षांत एक जोड सुटलेला नाही.

आणि फ्यूज बघितलेत का? सिरॅमिकचे असतील तर प्रत्येक बोटाने जागेवर फिरवा. पितळी पट्ट्यांची पकड गेली की फ्यूज शाबूत दिसतो, पण टोकाला काजळी धरते. पट्टी हलकेच आत वाकवायची, फार नाही, तुटते.

माल कुर्ल्याला सीएसटी रोडवर नाहीतर ऑपेरा हाउसला शोधा. टॅक्सीतली पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरात बंद झाली, त्यामुळे दिसेल ते दोन-दोन उचलून ठेवा.

तुर्भे_ऑटोवायरमन

डाग देणाऱ्याचा हात तुमच्यासारखा असेल तर ठीक. नवख्याकडून कल्हई वायरवर वर चढते, तेवढा भाग कडक होतो, आणि गाडीच्या हादऱ्याने वायर नेमकी त्या कडेला तुटते. ताई, तुम्ही नुसतं क्रिंप करा.

पाचपाखाडीकरीण

काका, पाया पडते. काल मोजलं. दिवे चालू असताना बॅटरीवर 12.1, डाव्या दिव्यावर 9.6. आणि त्या अडीचपैकी 1.6 एकट्या अर्थमध्ये!

बॉडीवरचा अर्थचा स्क्रू उघडला तर खाली छान गुळगुळीत क्रीम रंग. दोन वर्षांपूर्वी गाडी रंगवून घेतली, तेव्हा पेंटरने तिथेही हात फिरवला आणि थिंबल त्याच्यावरच आवळली. म्हणजे दोन वर्षं करंट स्क्रूच्या आट्यांमधून वाट काढत होता. पॉलिश पेपरने पत्रा उघडा केला, नवी थिंबल, वरून व्हॅसलीन. आता तिथे 0.1.

कपलर आणि पिना कुर्ल्याला मिळाल्या. वायर सोलली तर बोटभर लांबीपर्यंत काळी. चिंचेची करणी असणार, कापून टाकली. पहिली थिंबल ओढल्यावर हातात आली, तिसरी बसली. डाव्या दिव्यावर आता 11.6. क्रिंपिंग प्लायर धरून सगळा खर्च अकराशे.

संध्याकाळी बाबांनी स्वतः किल्ली मागितली. गाडी सोसायटीच्या भिंतीसमोर लावून दिवे टाकले, खाली उतरून बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "डावा जरा वर मारतोय."

तो खाली घ्यायचा स्क्रू कुठला?