गवा उसात शिरला तर पोरांनी काय करायचं?

राधानगरी अभयारण्यातल्या दाजीपूरची सहल आणि वन्यजीव सप्ताहातली चित्रकला स्पर्धा एवढ्यावर मुलं जंगल राखतील, असं काही जण म्हणतात; मला ते अर्धंच पटतं. सहल हवीच. राधानगरी अभयारण्य १९५८ सालचं, राज्यातलं पहिलं, हे पोरांना तोंडपाठ असतं. पण गवा उसात शिरला की तीच पोरं मोबाइल काढून मागं धावतात! गर्दीनं घेरलेला गवा बिथरतो आणि दिसेल त्या वाटेनं उधळतो. तेव्हा पहिला धडा हाच: लांब राहा, त्याची परतीची वाट मोकळी सोडा, वनविभागाला १९२६ वर फोन लावा.

दुसरं म्हणजे लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांची नोंद. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीची समिती ती करते, पण बऱ्याचदा ती कपाटातच पडून असते. ती आठवी-नववीच्या मुलांकडं द्या, सोबत गावातला एखादा जुना गुराखी द्या. धनेश पक्ष्याची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, फटीतून नर तिला फळं भरवतो. असलं ढोलीचं झाड ‘वाळकं, बिनकामाचं’ म्हणून तोडलं जातं. नोंदवहीत ते झाड आलं, तर निदान कुऱ्हाड चालवण्याआधी कोणीतरी विचारेल.

आणि वणवे. डोंगर पेटवला की गवत जोमानं येतं, हा समज भाषणानं जात नाही. नातवानं घरी ‘आबा, टिटवीची अंडी जळत्यात’ म्हटलं, तर काडी पेटवणारा हात थोडा तरी थांबतो. फाल्गुनाआधी जाळरेषा (आग पुढं सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) काढायला शाळा आणि तरुण मंडळं एकत्र आली, तर सहलीपेक्षा जास्त शिकतील.