सिझेरियनमधला त्वचेचा छेद: रक्तस्राव कुठपर्यंत मोजावा? मदत हवी आहे

स्कालपेल (शस्त्रक्रियेची सुरी) विरुद्ध डायथर्मी (विजेच्या उष्णतेने कापणारं आणि रक्तवाहिन्या बंद करणारं उपकरण) या विषयावर थीसिस करतेय. पहिलंच सिझेरियन असलेल्या, स्पायनल भूल (पाठीच्या कण्यातून) दिलेल्या पेशंट घेतल्यात. छेद फॅननस्टील (ओटीपोटावर खाली आडवा), डायथर्मी कट मोडवर (कापण्याच्या सेटिंगवर). त्वचा निर्जंतुक करायला लावलेलं स्पिरिट पूर्ण वाळल्याशिवाय डायथर्मीची पेन्सिल टेकवत नाही.

वेळ आणि वेदना नोंदवणं जमतंय, अडतंय ते रक्तस्रावावर. गर्भजल मिसळू नये म्हणून पेरिटोनियम (पोटाच्या आतलं पातळ आवरण) उघडेपर्यंतचे मॉप (रक्त टिपायचे कापडी पॅड) वेगळे ठेवून लगेच वजन करते, १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली धरून. हिमोग्लोबिनमधली घट इथे कामाची नाही, त्यात गर्भाशयाचाच रक्तस्राव जास्त. पण स्कालपेल गटात चरबीतल्या रक्तवाहिन्या शेवटी डायथर्मीनेच बंद कराव्या लागतात, मग तुलना शुद्ध कशी राहणार?

ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया सांगा: मोजणी रेक्टस शीथपर्यंतच (पोटाच्या स्नायूंवरचं आवरण) थांबवावी की पेरिटोनियमपर्यंत न्यावी, आणि चरबीचा थर दोन्ही गटांत एकाच पद्धतीने कापावा का?