दिवाळीच्या सुट्टीत लहानग्यांना मैत्रीची कार्टून दाखवायची, तर ती निवडायची कशी?

धागा सुरू करणारी : बालवाडी शिक्षिका, बडोदा

गुजरातेतील शाळांना दिवाळीची सुट्टी २१ दिवसांची मिळते, आणि ती लागण्यापूर्वी तीन ते पाच वर्षांच्या मुलांचे पालक दरवर्षी एकच प्रश्न विचारतात : मारामारी नसलेले, मैत्री शिकवणारे असे काय दाखवावे? माझे स्पष्ट मत आहे की केवळ विषय मैत्रीचा आहे एवढे पाहून कार्टून निवडू नये. त्यातला वेळ कशावर खर्च झाला आहे, हे पाहून निवडावे. मैत्रीच्या म्हणवणाऱ्या कितीतरी गोष्टींत चिडवणे, कट्टी घेणे, एकाला खेळातून वगळणे हेच बहुतेक वेळ चालते आणि अगदी शेवटी घाईघाईने दिलजमाई होते. मोठ्यांना शेवट लक्षात राहतो. चार वर्षांच्या मुलाला मात्र शेवटच्या क्षमेचा आधीच्या चिडवण्याशी असलेला संबंध सहज जोडता येत नाही, आणि त्याच्या मनात चिडवण्याच्या युक्त्याच राहतात.

ही केवळ माझी समजूत नाही. अमेरिकेत ऑस्ट्रोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शैक्षणिक म्हणवले जाणारे कार्यक्रम अधिक पाहणाऱ्या बालवाडीच्या वयातील मुलांमध्ये इतरांना वगळण्याचे, नाते तोडण्याची धमकी देण्याचे वर्तन वाढलेले दिसले होते. २००८ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात मुलांना तीन पायांच्या कुत्र्याची गोष्ट दाखवली होती. वेगळ्या दिसणाऱ्याला आपल्यात सामावून घ्यावे, हा तिचा बोध होता. पण तो बहुतेक मुलांपर्यंत पोहोचलाच नाही, आणि काहींनी तर तीन पायांच्या कुत्र्यांशी प्रेमाने वागावे एवढाच अर्थ घेतला.

दुसरी कसोटी वेगाची. २०११ साली लिलार्ड आणि पीटरसन यांनी ६० चार वर्षांच्या मुलांचे तीन गट केले. एका गटाला सरासरी ११ सेकंदांनी दृश्य बदलणारे वेगवान कार्टून, दुसऱ्याला सुमारे ३४ सेकंदांनी दृश्य बदलणारे संथ कार्टून दाखवले, तर तिसऱ्याला चित्रे काढायला दिली. अवघ्या ९ मिनिटांनंतर वेगवान कार्टून पाहिलेल्या मुलांची लक्ष एकवटण्याची आणि स्वतःला आवरण्याची क्षमता इतर दोन्ही गटांपेक्षा कमी पडली. खेळात आपली पाळी येईपर्यंत थांबायला हीच क्षमता लागते, आणि त्या थांबण्यावाचून या वयात मैत्री टिकत नाही.

म्हणून मी पालकांना दोन नावे सुचवते. एक, १९७४ साली फिल्म्स डिव्हिजनसाठी विजया मुळे यांनी केलेला ‘एक अनेक और एकता’ हा छोटा अ‍ॅनिमेशनपट. त्यातील जाळ्यासकट उडणारी पाखरे आणि जाळे कुरतडणारे उंदीर पाहताना पंचतंत्रातील चित्रग्रीव आणि हिरण्यक हटकून आठवतात. दुसरे, १९९० साली सुरू झालेले स्वित्झर्लंडचे पेंग्विनांचे ‘पिंगू’. भाग जेमतेम पाच मिनिटांचा, भाषा कोणतीच नाही, रुसवे-फुगवे आहेत पण ते लवकर निवळतात.

प्रतिसाद : एक आजोबा, दांडिया बाजार

ताई, आपला अभ्यास चांगला आहे, परंतु मूळ प्रश्नच मला मान्य नाही. मैत्री ही दाखवण्याची गोष्ट नसून करण्याची आहे, आणि दिवाळीची सुट्टी तर त्यासाठी नेमकी उपयोगाची आहे. आमच्याकडे अजूनही काही मराठी घरांत मुले मिळून किल्ला करतात. माती कोणी आणायची, अळीव कोणी पेरायचे, शिवाजी महाराजांना सिंहासनावर कोणी बसवायचे, यावरून भांडणे होतात आणि दुसऱ्या दिवशी किल्ला अर्धा राहिलेला असतो म्हणून ती मिटतातही. मिटवण्याची गरज तिथे खरी असते. पडद्यावर ती दुसऱ्याची असते.

गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले, पुढे ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या, आणि नंतर महाराष्ट्रात बोर्डीला ताराबाईंनी अंगणवाडी थेट मुलांच्या दारात नेली. मूल हाताने करून शिकते, या विश्वासावर ही कामे उभी राहिली. गिजुभाईंच्या गुजरातेत राहून आपण कोणते कार्टून बरे याचा खल करत बसावे, याचे मला वाईट वाटते. कमाटीबागेत सकाळी दोन तास चार मुलांना एकत्र सोडले, तर निवडीचा प्रश्नच उरणार नाही.

प्रतिसाद : साडेतीन वर्षांच्या मुलीचे वडील, वासणा रोड

आजोबा, आपले म्हणणे वाड्यात आणि पोळांत, म्हणजे जुन्या शहरातील दाट गल्ल्यांत, राहणाऱ्यांना लागू पडते. आमच्या इमारतीत मुलीच्या वयाचे दुसरे मूल नाही, आम्ही दोघेही नोकरी करतो आणि आमच्या कचेऱ्यांना २१ दिवसांची सुट्टी नसते. तिला सांभाळणाऱ्या मावशी स्वयंपाक करतात तेवढा वेळ टीव्ही लागतो, आणि तो लागणारच असेल तर काय लावावे हा प्रश्न आमच्यासाठी अगदी खरा आहे.

मात्र ताईंचेही मला पटत नाही. संथ आणि सौम्य कार्टून लावले की मुलगी उठून जाते. तिला ‘छोटा भीम’ हवा असतो. २००८ पासून तो चालू आहे, आणि भीम आपल्या मित्रांच्या मदतीला नेहमी धावून जातो. ही मैत्री नव्हे काय? शिवाय एक गोष्ट आपण दोघांनीही विचारात घेतलेली नाही. सुट्टीनंतर बालवाडीत मुले जे खेळतात, ते सगळ्यांनी पाहिलेल्या कार्टूनवरच बेतलेले असते. ज्या मुलाला भीमाचे गाव ढोलकपूर आणि त्याचे लाडू ठाऊक नाहीत, त्याला त्या खेळात भूमिकाच मिळत नाही. निवड फार सोवळी केली, तर ज्या मैत्रीसाठी ती करायची तिच्यापासूनच मूल दूर राहील.

धागा सुरू करणारी

खेळात भूमिका न मिळण्याचा आपला मुद्दा मोलाचा आहे, आणि वर्गात ते मला रोज दिसते. ‘भीम’ पूर्ण बंद करा, असे मी म्हणणार नाही. पण त्यातील मैत्रीत एकजण बलवान असतो आणि बाकीच्यांना त्याने सोडवायचे असते. तीन वर्षांच्या मुलांना मैत्रीत लागणारी कौशल्ये वेगळी असतात : खेळणे मागणे, नकार सोसणे, रडणाऱ्याजवळ जाऊन बसणे. अंगणात येताना मुले भीमाचा ठोसा आणतात, त्याचे औदार्य आणत नाहीत, कारण ठोशाची नक्कल करता येते.

आजोबा, वेळेबाबत मी आपल्याच बाजूची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एक तासाहून अधिक पडदा नसावा, आणि त्याहून कमी असल्यास उत्तम. परंतु त्या एका तासात काहीही चालेल, हे मला मान्य नाही. किल्ला करायला आलेले मूल आदल्या संध्याकाळी जे पाहते, तेच घेऊन किल्ल्याशी येते.

प्रतिसाद : एका चार वर्षांच्या मुलाची आई, कारेलीबाग

भाषाच नसलेले कार्टून सुचवणे मला पटत नाही. आमची मुले घरात मराठी, खाली गुजराती आणि टीव्हीवर हिंदी ऐकतात. शब्द वाढण्याच्या या वयात, ज्यात एकही शब्द नाही असे का दाखवावे? त्यापेक्षा मराठी बडबडगीते आणि गोष्टी बऱ्या.

धागा सुरू करणारी

मराठी गोष्टी अवश्य ऐकवा. पण शब्द नसतात म्हणूनच शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाला बोलावे लागते, आणि ते आपण मराठीतच बोलतो : “अगंबाई, हा का रुसला असेल?” २०१६ साली टेक्सास टेक विद्यापीठातील संशोधकांनी भावना ओळखायला शिकवणाऱ्या एका कार्टूनचा परिणाम तपासला, तेव्हा समजूतदारपणा त्याच मुलांमध्ये वाढलेला आढळला ज्यांच्या घरी पाहिलेल्या गोष्टींवर नेहमी बोलणे होत असे. नुसते कार्टून पुरले नाही.

प्रतिसाद : साडेतीन वर्षांच्या मुलीचे वडील

मग आमच्यासारख्यांनी बोलायचे केव्हा, हे ठरवावे लागेल. दुपारी मावशींना ते जमणार नाही, म्हणून दुपारचा टीव्ही बंद करून तो वेळ रात्री जेवणाआधी आणता येईल, म्हणजे पिंगूचे दोन भाग आम्हाला तिच्यासोबत पाहता येतील. दुपारी मावशींबरोबर मटार सोलायला ती आनंदाने बसेल, असे वाटते. ‘भीम’ मात्र रविवारी राहील. तो मी तिच्या मैत्रिणींसाठी राखून ठेवतो आहे.

प्रतिसाद : आजोबा, दांडिया बाजार

रविवारी तिला किल्ल्यावर घेऊन या. दुपारी चारनंतर आमच्या अंगणात सात-आठ मुले असतात, आणि माती यंदा भरपूर आणली आहे. भीमाबद्दलचे आपले मत मात्र मला मान्य नाही.