म्हणे गाडीवर तीन दिवस घर चालतं! जरा हिशेब करू

भीमाकाठ

परवापासून सोलापुरातल्या प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय: "प्लग-इन हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बाहेरून चार्ज होणारी बॅटरी, दोन्ही असलेली गाडी) घ्या, इन्व्हर्टर भंगारात घाला. 18 युनिटची बॅटरी, घर तीन दिवस चालतं, उजनीच्या काठावर तंबूत एसी लावून झोपा." खाली अंगठ्यांची रांग. म्हणून हे लांबण.

18 युनिट कागदावर. प्लग-इन हायब्रिड बॅटरी तळापर्यंत रिकामी करू देत नाही, साधारण पाव भाग स्वतःसाठी राखून ठेवते. हाती आले 13-14. त्याचे 230 व्होल्ट करताना आणखी दहाएक टक्के गेले. शिवाय प्लगमधून वीज हवी तर गाडी 'रेडी'त, म्हणजे निघायच्या तयारीत चालू ठेवावी लागते, म्हणजे तिचे कॉम्प्युटर, 12 व्होल्टचा कन्व्हर्टर, कूलंटचा पंप सगळं जागं. त्यात दोन-तीनशे वॅट सतत जातात. आता 250 वॅट गुणिले 72 तास करा. 18 युनिट! घरात एक दिवा न लावता गाडी नुसती जागी ठेवलीत तरी तीन दिवसांत कागदावरची अख्खी बॅटरी गेली. दोन बीएलडीसी पंखे आणि राउटर मिळून 80 वॅट लागतात, आणि ते चालवायला गाडी स्वतः तिप्पट खाते.

दुसरं, युनिट किती यापेक्षा एका वेळी वॅट किती हे बघा. जपानात 2013 साली आलेल्या मित्सुबिशीच्या पहिल्या आउटलँडर प्लग-इनला 12 युनिटची बॅटरी होती आणि प्लग 1500 वॅटचा. मे महिन्यात दुपारी 43 अंशांत दीड टनाचा इन्व्हर्टर एसी पहिला अर्धा तास तेवढे एकटाच ओढतो, मग सहा-सातशेवर येतो. त्या अर्ध्या तासात फ्रिजचा कॉम्प्रेसर लागला की प्लग बंद.

तिसरं सगळ्यात वाईट. बॅटरी उतरली की पेट्रोल इंजिन आपोआप सुरू होतं, विचारत नाही. जुळे सोलापुरातल्या रो-हाउसमध्ये शटर ओढून गाडी आत, तिची वायर जिन्यातून वर, आणि रात्री दोनला इंजिन चालू. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि लिटरमागे मिळतात अडीच-तीन युनिट, म्हणजे युनिट 35-40 रुपयांना पडलं.

पार्कचौक

तुम्ही मुद्दाम सगळ्यात वाईट पद्धत घेतलीत आणि तिलाच झोडपलंत. 72 तास गाडी जागी ठेवायला सांगितलंय कोणी? दिवसातून दोनदा दोन-दोन तास लावायची. त्यात फ्रिज गार करा, इन्व्हर्टरची बॅटरी भरा, मोबाइल-लॅपटॉप भरा, मग गाडी बंद. बाकीचे वीस तास इन्व्हर्टर. जपानात 2012 पासून निसानच्या लीफ या ईव्हीवर 6 किलोवॅटची पेटी लावून घरं चालतात.

भीमाकाठ

जपानातली ती पेटी भिंतीवर बसते, मीटरच्या वायरिंगला रीतसर जोडलेली असते. तुमच्या फॉरवर्डमध्ये आहे एक्स्टेन्शन बोर्ड. आणि दोन तासांत इन्व्हर्टरची बॅटरी भरत नाही, मालक. 150 एएचची (अँपियर-तासांची) लेड-अ‍ॅसिड घरगुती इन्व्हर्टरवर 15 अँपियरच्या आसपास चार्ज होते. दोन तासांत 30 एएच, म्हणजे पाचवा हिस्सा. जास्त अँपियर ढकललेत तर उकळते, पाणी उडतं, आणि आपल्या उन्हात डिस्टिल्ड वॉटरचे कॅन तसेही महिन्याला लागतातच.

पार्कचौक

मग लिथियम इन्व्हर्टर घ्या, 50 अँपियरने भरतो. 100 एएचची बॅटरी दोन तासांत फुल. झालं समाधान?

भीमाकाठ

झालं. म्हणजे इन्व्हर्टर भंगारात घालायचा नाही, उलट महागडा घ्यायचा. फॉरवर्डच्या बरोबर उलट.

टॅक्सभरू

सगळे ज्या गाडीवर भांडताय ती सोलापुरात आहे कुणाकडे? ईव्हीला 5 टक्के जीएसटी, मोठ्या हायब्रिडला 40. चार्जिंगची वायर लावून पन्नास-साठ किलोमीटर विजेवर धावणारी गाडी सरकारच्या लेखी निव्वळ पेट्रोलचीच. सामान्य माणसाच्या बजेटमध्ये प्लग-इन हायब्रिड येतच नाही, आणली तर करोडवाल्यांनी. त्यापेक्षा नेक्सॉन ईव्ही बघा, 3.3 केव्हीए (साधारण 3300 वॅट) बाहेर देते. आयोनिक 5 देते 3.6 किलोवॅट. इंजिन नाही, धूर नाही, शटर ओढा नाहीतर उघडा ठेवा.

हौद_भरला_का

टॅक्स राहू द्या. कामाचं सांगा. चार दिवसांआड पाणी, ते सुटतं पहाटे, आणि नेमकी त्याच वेळी लाइट जाते. ईव्हीच्या त्या 3.3 केव्हीएवर 1 एचपीची मोटर चालेल का? बाकी एसी-फ्रिज गेला खड्ड्यात.

भीमाकाठ

चालेल, पण सुरू होणार नाही. 1 एचपी चालताना 6-7 अँपियर घेते, सुरू होताना पाचपट, म्हणजे 30च्या पुढे. 3.3 केव्हीए म्हणजे 14 अँपियर. गाडीचा इन्व्हर्टर तो झटका पाहून लगेच बंद पडतो. घरच्या एमसीबीसारखा सेकंदभर थांबत नाही. अर्धा एचपी असेल तर झटका 15-18 अँपियरचा, तो काही गाड्या सोसतात, काही नाही. लावायची तर आधी बाकी सगळं बंद, मोटर सुरू, मग फ्रिज. रन कपॅसिटर मल्टिमीटरवर तपासा. छापील एमएफडीपेक्षा (मायक्रोफॅरडच्या आकड्यापेक्षा) दहा टक्क्यांहून खाली गेला असेल तर मोटर नुसती गुरगुरते आणि झटका ओसरतच नाही. गंमत अशी की 1000 लिटरची टाकी भरायला वीज लागते अर्ध्या युनिटच्या आसपास. बॅटरीला हे काहीच नाही, अडतं ते त्या अर्ध्या सेकंदात.

पार्कचौक

सोपा उपाय: डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद करून मोटर सुरू करा, मग हळू उघडा. लोड कमी, लवकर वेग घेते.

सातरस्ता

थांबा! हे शेतातल्या सेंट्रिफ्यूगल मोनोब्लॉकला ठीक. त्यातही झटका तेवढाच असतो, फक्त लवकर ओसरतो. घरी जो अर्ध्या एचपीचा सेल्फ-प्रायमिंग पंप असतो त्याचा पंखा वेगळ्या जातीचा. त्याला व्हॉल्व्ह बंद असताना सगळ्यात जास्त लोड येतो. तिथे व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवूनच सुरू करायचं. तुमच्या सल्ल्याने गाडी पण ट्रिप आणि मोटर पण गरम.

पार्कचौक

बरं, पंपाचार्य. घरगुतीला उघडा. नोंद घेतली, पाया पडू का?

नळाला_थेंब_नाही

मूळ प्रश्न कोणी विचारत नाही. ही मोटर हौदातून वर टाकीत चढवायची आहे की थेट नळाला लावलेली? पहाटे पाणी सुटल्या-सुटल्या मोटर हवी म्हणतोय म्हणजे नळालाच असणार. आधीच लाइनीतला दाब अर्ध्या गल्लीच्या मोटरी ओढतात आणि शेवटच्या चार घरांना नुसती हवा येते. लाइट गेली तरच आम्हाला घागर मिळते, तेवढाच न्याय. आता त्यावर पण तुम्ही गाडी लावणार! पाणी सुटतं तेवढा वेळ त्या भागाची लाइटच बंद ठेवली पाहिजे, हे मी कधीचं म्हणतोय.

हौद_भरला_का

काय बे, बघितलंस का माझ्या घरी येऊन? हौद जमिनीत आहे, नळ त्यात आपोआप पडतो, मोटर हौदातून तिसऱ्या मजल्यावर. पहाटे लागते कारण हौद लहान, भरला की वाहून जातो. वर चढवलं तरच खाली जागा होते. चोर ठरवून मोकळे!

नळाला_थेंब_नाही

सगळ्यांच्याच घरी हौद असतो, विचारलं की. सक्शनचा पाइप हौदातही जातो आणि मधे टी (तीन तोंडांचा जोड) टाकून नळालाही. प्लंबरला विचारा, त्याचा धंदाच त्यावर. लाइनीत पोकळी झाली की सांध्यातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं आणि मग अख्ख्या गल्लीला जुलाब. समांतर जलवाहिनीच्या गप्पा ऐकतोय, उजनी भरलेली असते, दारात 1320 मेगावॅटचा एनटीपीसी, आणि शहरात लाइटही जाते, पाणीही चार दिवसांनी!

टॅक्सभरू

एनटीपीसीची वीज ग्रिडला जाते, होटगी रोडला नव्हे. तुमची लाइट जाते ती डीपीवरचा फ्यूज उडाल्याने. दोन्हींचा संबंध नाही.

नळाला_थेंब_नाही

संबंध नाही हे माहीत आहे. संताप आहे, तो व्यक्त करायला ग्रिडची परवानगी लागते का?

लाइनवरचा

पाणी राहू द्या, जिवाचं बघू. इथे एकानेही चेंजओव्हर हा शब्द काढलेला नाही, म्हणजे घर एका वेळी महावितरणला नाहीतर गाडीला, एकालाच जोडणारा स्विच. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून गाडीची वीज भिंतीतल्या 16 अँपियरच्या सॉकेटमध्ये घुसवणारे महाभाग असतात. मेन स्विच पाडायचा विसरला की ती वीज मीटरमधून उलटी खांबावर. ट्रान्सफॉर्मर उलटाही चालतो, 230 चे 11 हजार व्होल्ट करतो. लाइन बंद आहे समजून वर चढलेल्याला काय होईल याचा विचार करा.

पार्कचौक

हा जुना बागुलबुवा. 3.3 केव्हीएवर अख्ख्या गल्लीचा लोड पडला की गाडी तत्क्षणी ट्रिप होते. 11 हजार व्होल्ट तयार व्हायला वेळच मिळत नाही.

लाइनवरचा

गल्ली जोडलेली असेल तर. लाइट नेमकी तुमच्याच घरची गेली असेल, म्हणजे खांबावरचा जंपर (जोडणारा तारेचा तुकडा) तुटलाय किंवा सर्व्हिस वायर जळलीय, तर पलीकडे लोड शून्य. गाडी आरामात 230 व्होल्ट देत राहते, आणि वायरमनचा हात त्याच तुकड्यावर असतो.

पार्कचौक

जंपर तुटलेला असेल तर, मान्य. तेवढ्यापुरतं.

लाइनवरचा

उपकार झाले. आता करायचं काय ते. मीटरनंतर दोन पोलचा 32 अँपियरचा चेंजओव्हर, मधे 'बंद' अशी जागा असलेला. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटले पाहिजेत. फेज तेवढा तोडून न्यूट्रल तसाच ठेवणारे इलेक्ट्रिशियन भरपूर, त्यांना दारातूनच परत पाठवा. गाडीपासून चेंजओव्हरपर्यंत तीन कोरची 2.5 स्क्वेअर एमएमची वायर. दीडची 16 अँपियरला गरम होते.

सातरस्ता

आणि ज्यांना वाटतं इन्व्हर्टरची पिनच गाडीत खोचली की झालं, त्यांनी घरचं वायरिंग आधी बघावं. आपल्याकडे इन्व्हर्टरचा फेज वेगळा ओढतात आणि न्यूट्रल घरचाच, कॉमन. पिन गाडीत खोचलीत की गाडीचा न्यूट्रल महावितरणच्या न्यूट्रलला जोडला गेला, आणि तो ट्रान्सफॉर्मरपाशी अर्थ केलेला, म्हणजे जमिनीला जोडलेला असतो. बऱ्याच गाड्यांचा प्लग अर्थपासून मोकळा असतो. टेस्टर लावला तर दोन्ही पिनांवर अर्धवट पेटतो, लोक घाबरतात, पण तो बिघाड नव्हे. काही गाड्या असा अर्थ लागलेला दिसला की फॉल्ट दाखवून बंद पडतात. मग सर्व्हिस सेंटरला शिव्या. मोकळ्या न्यूट्रलचा दुसरा तोटा असा की घरचा आरसीसीबी (गळती दिसली की वीज तोडणारा स्विच) पहिल्या गळतीला उडत नाही, कारण अर्थमधून परतीचा रस्ताच नाही. म्हणून ओल्या हाताने गीझर-मोटर असले प्रकार गाडीवर नकोतच.

तंबूवाला

धागा कॅम्पिंगचाही होता, त्याची मोटर केलीत. मी लिहितो. उजनीच्या बॅकवॉटरला गाडीवर संसार मस्त चालतो, फक्त तंबूत एसी हा मूर्खपणा आहे, कापडातून गारवा टिकत नाही. एसी गाडीतच लावा, मागची सीट पाडून झोपा. इंडक्शन 2000 वॅटची असली तरी 1200वर ठेवा. लिटरभर पाणी उकळायला सुमारे 0.1 युनिट लागतं, वॅट कमी केले तर वेळ वाढतो, एवढंच. एक्स्टेन्शनची रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या रिळीतून हजार वॅट नेले तर आतले वेढे तापून इन्सुलेशन मऊ होतं आणि बाहेरून काही कळत नाही. ज्या हायब्रिडना मागच्या सीटजवळ बॅटरीच्या हवेची जाळी असते, तिच्यावर गाद्या-बॅगा रचू नका. हवा बंद, बॅटरी गरम, गाडी स्वतःच वॅट कमी करते आणि लोक म्हणतात प्लग खराब. आपल्याकडच्या धुळीत त्या जाळीचा फिल्टरही साफ करावा लागतो.

टॅक्सभरू

आणि ज्यांची गाडी साधी हायब्रिड, प्लगच नाही? त्या तर रस्त्यावर चिक्कार आहेत.

सातरस्ता

त्यांतल्या काहींची मोठी बॅटरी जेमतेम 0.76 युनिटची, पण इंजिन अधूनमधून चालून ती भरत राहते. 12 व्होल्टच्या बॅटरीवर 1000 वॅटचा प्युअर साइन इन्व्हर्टर लावता येतो, चालवा सात-आठशेपर्यंतच. त्यालाच 12 व्होल्टच्या बाजूला 70 अँपियरच्या वर जातात. वायर 25 स्क्वेअर एमएम, लांबी दीड मीटरच्या आत, पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात 100 अँपियरचा फ्यूज. निगेटिव्ह बॅटरीच्या टर्मिनलला नको, बॉडीला द्या. टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो, त्याला वळसा घातलात की गाडीचा हिशेब चुकतो. आणि गाडी रेडीतच हवी. नुसती अ‍ॅक्सेसरीवर ठेवलीत तर छोटी बॅटरी झोपते. ती झोपली की मोठी भरलेली असूनही गाडी उठत नाही, कारण मोठीचे काँटॅक्टर (तिला गाडीशी जोडणारे स्विच) छोटीच्या जोरावरच ओढले जातात. वॉरंटीचं डीलरला आधी लेखी विचारा, तोंडी सगळेच 'चालतंय की' म्हणतात.

हौद_भरला_का

माझ्या 1 एचपीचं शेवटी काय? चोर ठरवलंत, उत्तर कुणीच दिलं नाही.

भीमाकाठ

तिसरा मजला म्हणजे अर्ध्या एचपीत भागेलच असं नाही. पंपाच्या पाटीवर हेड, म्हणजे पाणी किती उंच चढवतो ते बघा. 1 एचपीच हवी असेल तर सिंगल फेजची मोटर काढून तीन फेजची बसवा, आणि सिंगल फेज घेऊन तीन फेज देणारा व्हीएफडी. तो मोटर हळूहळू वेगात आणतो, झटका येतच नाही, 14 अँपियरच्या आत राहतो. आहे त्याच कपॅसिटरवाल्या मोटरला व्हीएफडी लावू नका, एक तरी जळेल. वेग घ्यायला पाच सेकंद लावा, फ्रीक्वेन्सी 50 च्या वर नेऊ नका. ड्राय-रन कटऑफ घ्याच, लहान हौद रिकामा झालेला पहाटे कोणाला कळत नाही.

नळाला_थेंब_नाही

त्यात सक्शनला टी नसल्याचा फोटोही टाका म्हणावं.

हौद_भरला_का

टाकतो. तुमच्या नळाचाही टाका.