वसाहती परवडेनात म्हणून सोडल्या म्हणे!

कसबेकर: सोसायटीच्या ग्रुपवर काल एका उच्चशिक्षित गृहस्थांनी टाकलं, "महायुद्धात युरोपचं दिवाळं वाजलं, वसाहती परवडेनात म्हणून सोडल्या. लढे वगैरे नंतर रंगवलेलं." खाली अंगठ्यांची रांग. तिथे उत्तर दिलं की लगेच कोणीतरी टँकरचा विषय काढतं, म्हणून इथे लिहितोय.

परवडत नव्हतं तर डच कशाला परतले? इंडोनेशियानं १७ ऑगस्ट १९४५ला स्वातंत्र्य जाहीर केलं. स्वतःचा देश जर्मनांनी तुडवलेला, तरी हे फौज घेऊन हजर, आणि डिसेंबर १९४९पर्यंत चिकटून. फ्रेंच मे १९५४मध्ये व्हिएतनामात दिएन बिएन फूला सपाटून हरले, आणि नोव्हेंबरात अल्जीरियात पुन्हा युद्ध, थेट १९६२पर्यंत. दिवाळखोराची ही रग?

निवांत_सदाशिव: डच हलले कधी, तर अमेरिकेनं मार्शल मदत, म्हणजे युद्धानंतर युरोप सावरायला दिलेला पैसा, थांबवायची तंबी दिल्यावर. म्हणजे पैसाच ना शेवटी? आणि फक्त रक्तबंबाळ उदाहरणं वेचू नका. घाना, १९५७. कुठे झाली लढाई?

सिंहगडरोड_ताई: आक्रा, फेब्रुवारी १९४८. ब्रह्मदेशात ब्रिटिशांसाठी लढून आलेले माजी सैनिक निःशस्त्र मोर्चा घेऊन निघाले, थकलेली पेन्शन मागायला. गोळीबार झाला, तिघे ठार. मग दंगली. तिथले नेते एन्क्रुमा तुरुंगात असताना १९५१ची निवडणूक जिंकले. आणि केनिया सोयीनं विसरलात. तिथल्या माऊ माऊ बंडाच्या काळात हजारावर लोकांना फाशी दिलंय इंग्रजांनी. कंटाळून जाणारा माणूस इतके दोर वळत नाही.

चहा_कमी_साखर: चापेकरांचं कोणी नावच काढेना! २२ जून १८९७, गणेशखिंड. आज रँडची बग्गी तिथे सिग्नललाच तासभर अडकली असती म्हणा.

गोवा_५५: पेन्शनवरून आठवलं, आता ऐकाच. आमचे आजोबा १५ ऑगस्ट १९५५ला सत्याग्रहींच्या पुण्याच्या तुकडीतून गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीला गेले. पोर्तुगीज शिपायानं बंदुकीच्या दस्त्यानं खांदा फोडला. तो हात पुढे कधी खांद्याच्या वर गेला नाही, सदऱ्याची बाही आजी चढवायची. पेन्शनचा अर्ज केला तर साहेब म्हणतात, तुरुंगवासाचा दाखला आणा. अहो, मारून हद्दीबाहेर फेकलं! दाखला कोण देणार, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार?

निवांत_सदाशिव: आजोबांना नमस्कार. पण गोवा सुटला तो डिसेंबर १९६१मध्ये, लष्कर घुसल्यावर, दीड दिवसात. सत्याग्रहानं नाही.

गोवा_५५: मग सहा वर्षं लष्कर काय करत होतं? उलट नेहरूंनी सत्याग्रहींनाच सीमेवर अडवलं.

चहा_कमी_साखर: आले नेहरू! वाटच बघत होतो.

डेक्कनचा_बाल्या: दाखल्यांचं बोलूच नका. आमच्या वाड्यातल्या एकांना बेचाळीसच्या लढ्याची पेन्शन होती. बेचाळीस साली ते पाळण्यात होते.

गोवा_५५: म्हणजे आमचे आजोबाही त्यातलेच का? स्पष्ट लिहा की.

डेक्कनचा_बाल्या: तुमच्या आजोबांना कोण काय म्हणालं? लगेच अंगावर येता.

कसबेकर: अहो, पेन्शनचा वेगळा धागा काढा! माझा मुद्दा राहिला बाजूला. साम्राज्य चालायचं ते आपल्याच माणसांच्या बंदुकांवर. १९४५मध्ये सुराबायाला इंडोनेशियनांवर गोळ्या झाडायला हिंदी पलटणी नेल्या होत्या. फेब्रुवारी १९४६मध्ये मुंबईचे नाविक उठले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत एक होती: इंडोनेशियातून हिंदी सैन्य परत आणा. तिजोरी रिकामी असली तरी राज्य ओढता येतं. शिपाईच फिरला तर कोणाच्या जिवावर ओढणार?

निवांत_सदाशिव: बरं बाबा. लढ्यांमुळे परवडेनासं झालं, असं लिहा, मी अंगठा देतो. तेवढ्यानं तुमची झोप होणार असेल तर.

सिंहगडरोड_ताई: अंगठा देताना पोर्तुगालही वाचा. अंगोला, मोझांबिक, गिनीत वर्षानुवर्षं लढून विटलेल्या अधिकाऱ्यांनीच २५ एप्रिल १९७४ला लिस्बनचं सरकार उलथवलं. पुढच्या वर्षी अंगोला आणि मोझांबिक मोकळे.

निवांत_सदाशिव: विटले ना? मी वेगळं काय म्हणत होतो?

गोवा_५५: बाल्या, उत्तर राहिलंय तुमचं.