टिटवीचं घरटं आणि जिप्सीची उंची

सफारीच्या उघड्या जिप्सीतून काढलेला, जमिनीवरच्या घरट्यात बसलेल्या टिटवीचा फोटो वरून सपाट येतो, ही तुमची तक्रार खरी आहे दादा. पण गाडी जवळ नेऊन उपयोग नाही. उलट रस्त्यावरच थोडी मागे घ्यायला सांगा. अंतर वाढलं की कोन आपोआप खाली येतो. इंजिन बंद, बीनबॅग (कॅमेरा टेकवायची दाण्यांची पिशवी) दारावर, आणि उभं न राहता बसून टिपायचं.

ताडोबात मे महिन्यात पाहिलेली टिटवी पाणवठ्यावर पोटाची पिसं भिजवून यायची आणि अंडी गार ठेवायला चार ठिपकेदार अंड्यांवर बसायची. अशा उन्हात ती आपल्यामुळे उठली तर अंडी भाजून निघतात. म्हणून ती ओरडत घिरट्या घालू लागली, की मी कॅमेरा खाली ठेवतो आणि गाडी पुढे काढायला सांगतो.